क्लेटन म्हणजे चिखलवाडीकर

नांदेडात चिखलवाडी आहे. छत्रपती संभाजीनगरात विमानतळाच्या बाजूला चिखलठाणा आहे. ही दोन्ही नावं कुणी इंग्रजीत करून मागितली तर एका शब्दात काम भागतं: क्लेटन. क्ले म्हणजे चिकणमाती, टन म्हणजे वाडी. बाळाच्या नावांच्या संकेतस्थळांवर मात्र या नावापुढं ‘बलवान’, ‘शांत स्वभावाचा’, ‘मातीतून घडलेला’ असं काय काय लिहिलेलं असतं, वर शुभ अंक आणि शुभ रंगही. ते सगळं खुशाल सोडून द्यावं. गावाच्या नावाला स्वभाव नसतो. औसा म्हणजे ‘धाडसी’ आणि सेलू म्हणजे ‘प्रेमळ’ असं कुणी सांगितलं तर आपण त्याच्या तोंडाकडं बघत बसू, पण इंग्रजी नाव आलं की तेच मुकाट्यानं खरं मानतो.

आपल्याकडं हा विषय दोन वाटांनी येतो. एक, कंपनीच्या कॉलवर रोज कार्टर, मेसन, पार्कर, क्लेटन भेटतात आणि यातलं नाव कोणतं, आडनाव कोणतं हा घोळ रोज होतो. दुसरी वाट घरातली. पोरगा-सून मेलबर्नला किंवा टेक्सासला, नातू तिकडं झाला, नाव ठेवलं क्लेटन, आणि इकडं आजीला प्रश्न पडला की हे असलं कसलं नाव. आजीला उत्तर देताना एक काळजी घ्यायची. ‘क्ले म्हणजे माती’ असं तोडून सांगायचं नाही. आपल्या भागात ‘मातीला गेलो होतो’ म्हणजे अंत्यविधीला गेलो होतो. बाळाच्या नावाचा अर्थ विचारला आणि उत्तर ‘माती’ आलं तर बारशाच्या दिवशी भलतंच व्हायचं. ‘चिकण रानातली वाडी’ म्हणावं. तेही खरंच आहे, आणि आजीला लगेच डोळ्यांपुढं दिसतं.

आता शब्द सुटे करून बघू. पहिला भाग जुन्या इंग्रजीतला, म्हणजे नॉर्मन लोक १०६६ मध्ये इंग्लंडात येण्याआधीच्या भाषेतला. त्याचा उच्चार साधारण ‘क्लॅय’ होता, लिहिताना शेवटी ‘ग’ लिहायचे पण बोलताना तो ‘य’ व्हायचा. या शब्दाच्या मुळाशी ‘चिकटणं’ हा अर्थ आहे. इंग्रजीतला ‘ग्लू’, म्हणजे डिंक किंवा सरस, आणि गव्हाच्या कणकेला ताण देणारं ग्लुटेन, हे त्याच मुळातले भाऊबंद. आपला ‘चिखल’ प्राकृतातल्या ‘चिक्खल्ल’वरून आला, तर ‘चिकण’ संस्कृतातल्या ‘चिक्कण’वरून, ज्याचा अर्थ गुळगुळीत, निसरडं. म्हणजे तिकडच्या माणसानं मातीला हात लावून ‘चिकटते’ म्हटलं आणि इकडच्यानं पाय ठेवून ‘घसरतंय’ म्हटलं. माती एकच.

दुसरा भाग ‘टन’ जास्त मजेचा आहे. याचा वजनाच्या टनाशी काही संबंध नाही. जुना उच्चार ‘तून’, आणि मूळ अर्थ गावही नाही, घरही नाही. मूळ अर्थ कुंपण. जर्मन भाषेत आजही कुंपणाला ‘त्साउन’ म्हणतात आणि डच भाषेत ‘टाउन’ म्हणजे बाग, ते याच शब्दाचे सख्खे नातेवाईक. आधी कुंपण, मग कुंपणाच्या आतली जागा, मग त्या जागेतलं घर-गोठा-खळं, मग अशा चार घरांची वस्ती, मग गाव, आणि शेवटी आजचं इंग्रजी ‘टाउन’. आता आपला ‘वाडा’ आणि ‘वाडी’ बघा. संस्कृतातला ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यावरून वाडा, वाडी. काट्याची कुपाटी घालून चार जनावरं आत घेतली, पुढं त्याला वाडी म्हणू लागले, पुढं वाडीला ग्रामपंचायत आली. दोन भाषांमध्ये इतकं अंतर असून शब्दाचा प्रवास अगदी पायाला पाय लावून झालेला आहे. म्हणून ‘टन’चं भाषांतर ‘नगर’ किंवा ‘शहर’ करणारे चुकतात. ज्या काळात ही नावं पडली त्या काळात तिथं नगर नव्हतं. वाडी हाच बरोबर शब्द. तसं बघितलं तर चिखलठाण्यातलं ‘ठाणं’ ‘स्थान’ वरून आलेलं, त्यात कुंपण नाही. नांदेडची चिखलवाडी क्लेटनला जास्त जवळची.

गावाला मातीचं नाव का पडतं? सगळीकडं तीच माती असेल तर तिच्यावरून नाव पडत नाही. नाव म्हणजे ओळख सांगायची खूण, आणि ओळख फरकावरून होते. शेजारची जमीन वेगळी असली पाहिजे. हे आपल्याला शिकवायला नको, आपल्या गावाची भाषाच ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी विभागलेली आहे. काळीत पीक, पांढरीत घरं. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट जातीचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. त्यामुळं उथळ पायाच्या भिंतीला तडे जातात. म्हणून जुन्या लोकांनी गावठाण पांढरीवर बसवलं. इंग्लंडातल्या चिकण जमिनीचंही दुखणं तसंच: पावसाळी दिवसांत गाडा रुततो, नांगराला जास्त बैल लागतात, पाणी लवकर मुरत नाही. उलट बाजूला ओल टिकते आणि विटा-कौलांना माती मिळते. ‘क्लेटन’ हे नाव ऐकलं की परगावच्या गाडीवानाला पुढचा रस्ता कसा असेल ते कळत होतं. चांगलं नाव म्हणजे फुकटची माहितीच.

ससेक्समधलं क्लेटन याचा चांगला नमुना आहे. गावाच्या दक्षिणेला साउथ डाउन्सचे पांढरे खडूचे डोंगर, उत्तरेला चिकणमातीचा सखल पट्टा. डोंगर उतरून आलेल्याला पायाखालची माती बदललेली चटकन कळायची. डोंगरावर जॅक आणि जिल नावाच्या दोन जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत आणि खालून लंडन–ब्रायटन रेल्वेचा बोगदा जातो. बोगद्याचं उत्तरेकडचं तोंड किल्ल्याच्या दरवाजासारखं बांधलंय, दोन बुरूज आणि मध्ये चक्क राहतं घर. या बोगद्यात २५ ऑगस्ट १८६१ रोजी दोन गाड्यांची धडक होऊन २३ माणसं गेली, आणि गाड्यांमध्ये वेळेचं अंतर ठेवायचं की जागेचं, या वादात जागेच्या बाजूचं पारडं जड झालं. एका भागात एकच गाडी, हा आजचा नियम त्या वादातून पक्का होत गेला. हे नावाच्या विषयाला सोडून झालं, पण रेल्वेचं माणूस घरात असेल तर त्याला सांगायला चांगलं आहे.

क्लेटन एकच नाही. यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्डजवळ एक आहे, स्टॅफर्डशायरमध्ये एक, मँचेस्टरात सिटी या फुटबॉल संघाच्या मैदानापासून जवळच एक. लँकेशायरमध्ये तर तीन: क्लेटन-ल-मूर्स, क्लेटन-ल-वुड्स, क्लेटन-ल-डेल. एकाच नावाची गावं झाली की शेपूट लावावं लागतं. ‘ल’ हा नॉर्मन लोकांच्या फ्रेंचचा उरलेला तुकडा. मूर्स म्हणजे माळ, वुड्स म्हणजे रान, डेल म्हणजे खोरं. माळावरचं क्लेटन, रानातलं क्लेटन, खोऱ्यातलं क्लेटन. आपल्याकडं हेच काम बुद्रुक आणि खुर्द करतात, आणि गंमत म्हणजे ते दोन शब्दही राज्यकर्त्यांच्या भाषेतूनच आले, फारसीतून. बुजुर्ग म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं. सत्ता गेली, भाषा गेली, शेपटं गावाला चिकटून राहिली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्येही क्लेटन नावाचं उपनगर आहे. मोनॅश विद्यापीठाचा मुख्य परिसर तिथंच, त्यामुळं आपल्याकडच्या पोरांच्या प्रवेशपत्रावर हे नाव बघायला मिळतं.

गावाचं आडनाव कसं झालं हे समजायला लातूरकरांकडं बघावं. लातुरात सगळेच लातूरचे, तिथं कुणाला लातूरकर म्हणून काय कळणार? माणूस लातूर सोडून उदगीरला किंवा हैदराबादला गेला की तिथले लोक त्याला लातूरकर म्हणतात. क्लेटन सोडून गेलेल्या माणसाचं तसंच झालं. नॉर्मन काळातल्या कागदांत अशा माणसाची नोंद ‘जॉन द क्लेटन’ या थाटात व्हायची. हा ‘द’ फ्रेंच-लॅटिनमधला, अर्थ ‘चा’, म्हणजे आपला ‘कर’. फरक इतकाच की आपला ‘कर’ मागं चिकटला आणि टिकला, त्यांचा ‘द’ पुढं होता आणि झिजून गेला. गावाचं उघडं नाव तेवढं उरलं. इंग्लंडात १०६६ नंतरच्या साधारण तीनशे-साडेतीनशे वर्षांत आडनावं वंशपरंपरागत झाली. वरच्या थरात आधी, गोरगरिबांत उशिरा.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. क्लेटन गावं अनेक, म्हणून क्लेटन आडनावाची मूळ घराणीही अनेक. ही एक भावकी नाही. सगळे पिंपळगावकर एकमेकांचे भाऊबंद नसतात, तसंच. तरीही ‘क्लेटन घराण्याचं राजचिन्ह’ म्हणून चौकटीतलं चित्र विकणारे लोक इंटरनेटवर भरपूर आहेत. इंग्लंडच्या रिवाजात असं चिन्ह एखाद्या माणसाला आणि त्याच्या वारसांना दिलं जातं, आडनावाला नाही. ते चित्र पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही. भिंतीवर शोभेसाठी घ्यायचं तर घ्या, इतिहास म्हणून नको.

आडनाव पहिलं नाव कसं झालं, हा खरा गाभा. आपल्याला हे विचित्र वाटतं. पोराचं नाव ‘परभणीकर’ ठेवलं, ‘परभणीकर शिंदे’, असं कुणी करत नाही. इंग्रजांनी केलं, आणि त्यामागं बहुतेक वेळा आईकडचं आडनाव होतं. इंग्रज बायकोचं आडनाव लग्नानंतर जायचं. माहेर जमीनजुमल्याचं, वजनाचं असेल तर ते नाव वाया कशाला घालवायचं? मुलाला पहिलं नाव म्हणून द्यायचं. इंग्लंडची नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिचा नवरा गिल्डफर्ड डडली, १५५४ मध्ये ज्याचा शिरच्छेद झाला, त्याचं ‘गिल्डफर्ड’ हे आईचं माहेरचं आडनाव. दुसऱ्या महायुद्धातला विन्स्टन चर्चिल सगळ्यांना माहीत आहे. त्या घराण्यात ‘विन्स्टन’ आलं ते सतराव्या शतकात. १६२० मध्ये जन्मलेल्या पहिल्या विन्स्टन चर्चिलची आई सेरा विन्स्टन. आईचं आडनाव मुलाचं नाव झालं आणि तीनशे वर्षांनी जगाच्या इतिहासात गेलं. अमेरिकेत ही रीत फार रुजली, विशेषतः दक्षिणेकडं. तिथल्या राष्ट्राध्यक्षांची पूर्ण नावं काढून बघावीत. वुड्रो विल्सनमधलं वुड्रो, मिलर्ड फिलमोरमधलं मिलर्ड, लिंडन बेन्स जॉन्सनमधलं बेन्स, जॉन फिट्झजेराल्ड केनेडीमधलं फिट्झजेराल्ड, रिचर्ड मिलहाउस निक्सनमधलं मिलहाउस: ही सगळी त्यांच्या आयांची माहेरची आडनावं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम आला. तिथं आईचं नाव येतं, माहेरचं आडनाव येत नाही, पण आईची खूण मुलाच्या नावात ठेवायची ही गोष्ट दोन्हीकडं सारखी.

पुढं आईचा संबंध सुटला. स्टॅनली, पर्सी, सिडनी, हॉवर्ड, रसेल ही बड्या सरदार घराण्यांची आडनावं. त्यांच्याशी काडीचं नातं नसलेले लोक रुबाब म्हणून ती पोरांना देऊ लागले. मग नुसत्या कानाला बरं वाटण्यावर नाव ठरू लागलं. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्यानं मुलांच्या नावांच्या १८८० पासूनच्या याद्या खुल्या केल्या आहेत, त्यात क्लेटन पहिल्यापासून दिसतं. इंग्लंडात आजही ते मुख्यतः आडनाव, अमेरिकेत आडनावही आणि नावही. घरी लाडानं ‘क्ले’. टेनिस बघणाऱ्यांना क्ले कोर्ट माहीत असतं, तोच शब्द.

क्लेटन नावाची माणसं सांगायची तर आपल्या भागाला सगळ्यात जवळचा विल क्लेटन, जन्म १८८०, मृत्यू १९६६. हा कापसाचा व्यापारी. १९०४ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सुरू झालेली अँडरसन, क्लेटन अँड कंपनी पुढं ह्यूस्टनला गेली आणि जगातली सर्वांत मोठी कापूस व्यापारी कंपनी झाली. हाच माणूस नंतर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप उभा करणाऱ्या मार्शल योजनेच्या आखणीत होता. मानवत-सेलूच्या मोंढ्यात रुईच्या भावावर बोलणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवायला हरकत नाही. चिकणमातीच्या नावाचा माणूस, धंदा कापसाचा. काळ्या मातीत कापूस पिकवणाऱ्याला यात वावगं काहीच वाटणार नाही.

वाणिज्य किंवा कायदा शिकणाऱ्यांना अमेरिकेचा १९१४ चा क्लेटन कायदा भेटतो, मक्तेदारीविरुद्धचा. तो अलाबामाचे प्रतिनिधी हेन्री क्लेटन यांच्या नावावरून. ही दोन्ही आडनावं झाली. पहिलं नाव क्लेटन असलेल्यांत हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सन, १९५२ ते २०२०. स्वस्त आणि साधी वस्तू घेऊन आलेली छोटी कंपनी बड्या कंपनीला कशी खाली खेचते, हा त्यांचा सिद्धांत एमबीएच्या वर्गात शिकवतात. बेसबॉलमधला क्लेटन कर्शॉ हा दुसरा. आणि मधलं नाव म्हणून अ‍ॅडम क्लेटन पॉवेल, न्यूयॉर्कच्या हार्लेममधून निवडून गेलेले कृष्णवर्णीय नेते. एकाच शब्दाच्या या तीन जागा लक्षात ठेवल्या की कॉलवरचा गोंधळ निम्मा कमी होतो. अठराव्या शतकात व्हर्जिनियात जॉन क्लेटन नावाचे एक वनस्पतींचे जाणकार होते, त्यांच्यावरून एका फुलझाडांच्या प्रजातीला ‘क्लेटोनिया’ नाव आहे. मातीचं नाव फिरून मातीतच गेलं म्हणायचं.

एक चावी हातात आली की बाकीची कुलपंही उघडतात. न्यूटन म्हणजे नवी वाडी. शाळेच्या पुस्तकातला आयझॅक न्यूटन आपल्या हिशेबानं आयझॅक नवगावकर. वेस्टन म्हणजे पश्चिमेची वाडी. प्रेस्टन म्हणजे धर्मगुरूंची वाडी. अ‍ॅश्टन म्हणजे अ‍ॅश झाडाची वाडी, त्याला आपलं बाभळगाव किंवा पिंपळगाव शेजारी ठेवा. ‘ली’ किंवा ‘ले’नं संपणारी, ब्रॅडली, स्टॅनली, वेस्ली, ही झाडं तोडून मोकळ्या केलेल्या रानाची नावं. ‘बरी’ आणि ‘बरो’ म्हणजे तटबंदीची जागा, आपली गढी.

‘फर्ड’ म्हणजे नदीचा उतार, आणि याचा एक किस्सा थेट मराठवाड्यातला आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याची मराठ्यांशी लढाई झाली. समोर केळणा नदी, पलीकडं तोफा. वाटाड्यांनी सांगितलं, उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, त्यातलं एक पिंपळगाव. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसलीत म्हणजे लोक इथूनच ये-जा करत असणार, असा त्यानं अंदाज बांधला आणि उतार सापडला. ऑक्सफर्ड, ब्रॅडफर्ड, क्लिफर्ड ही नावं ज्या कारणानं पडली तेच हे कारण, उतार तिथं गाव. हाच वेलस्ली पुढं १८१४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणखी एक ‘टन’. त्याच्या घराण्याचं आडनाव १७९८ पर्यंत ‘वेस्ली’ असंच लिहीत.

खरं तर अशी आडनावी नावं आपल्याकडं नवी नाहीत. जालन्याच्या जवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली त्यालाही शतक उलटून गेलं. मराठी ख्रिस्ती घरांत विल्सन, नेल्सन, स्टॅनली, वेस्ली ही पहिली नावं म्हणून सरसकट ऐकू येतात, मागं साळवे, गायकवाड, शिंदे. विल्सन म्हणजे विलचा पोरगा, नेल्सन म्हणजे नीलचा पोरगा. दोन्ही मूळची आडनावंच. तिथं क्लेटन साळवे हे नाव कुणाला खटकणार नाही.

चावी सगळीकडं चालत नाही, हेही सांगायला पाहिजे. आजचं स्पेलिंग फसवतं. बक्स्टन आणि ब्रिक्स्टन ऐकायला ‘टन’वाले, पण जुन्या कागदांत दोन्हींच्या शेवटी ‘स्टोन’, म्हणजे दगड आहे. मिल्टनचे दोन अर्थ निघतात: काही गावांत ‘मधली वाडी’, काहींत ‘चक्कीची वाडी’. डब्या-बाटल्यांवर वाचून ते कळत नाही. कार्लटनमधला ‘कार्ल’ हा कुणी एक माणूस नाही, स्वतंत्र शेतकऱ्यांसाठीचा शब्द आहे. म्हणून कुठलंही नाव उलगडताना आधी शेवटचा तुकडा ओळखावा, मग पहिला, मग त्या गावाची सर्वांत जुनी नोंद बघावी. इंग्लंडात त्यासाठी १०८६ चं डूम्सडे बुक आहे, विल्यम राजानं कर बसवण्यासाठी करून घेतलेली गावोगावची पाहणी. आपल्याकडं जुन्या नोंदीसाठी निजामकाळचं पाहणी पत्रक काढतात तसंच. त्यात ‘टून’ किंवा ‘टोन’ दिसलं तर वाडी, ‘स्टान’ दिसलं तर दगड. क्लेटन या बाबतीत सरळ माणूस आहे. जुन्या नोंदीतही ‘क्लाय’ आणि ‘टून’ हेच दोन तुकडे, वाद नाही.

आता लिहिण्याचं. देवनागरीत ‘क्लेटन’, एवढंच. क्लायटन नको, क्लेयटन नको, क्लेटोन तर नकोच. संगणकावर इंग्रजी अक्षरांवरून आपोआप मराठी करणाऱ्या सोयी हमखास घोळ घालतात, कारण त्या स्पेलिंग वाचतात, उच्चार नाही. अमेरिकन माणूस ‘ट’ घशात गिळतो, ‘क्ले’न’ असं काहीतरी ऐकू येतं. ऑस्ट्रेलियन ‘क्ले’ला ‘क्लाय’च्या जवळ नेतो. त्यांचं ऐकून मराठी स्पेलिंग बदलायचं नाही. इंग्रजीत के घेऊन किंवा वायच्या जागी आय घेऊन वेगळेपणा आणायचा मोह होतो, तो टाळावा. पुढं जन्मभर प्रत्येक खिडकीवर अक्षरं सांगत बसावं लागतं. विभक्ती लावताना एकच जागा अडते: ‘क्लेटननं सांगितलं’. दोन ‘न’ एकापाठोपाठ येतात, बोलताना लोक ‘क्लेटननी’ करून मोकळे होतात. जुनी माणसं सुरुवातीचं जोडाक्षर फोडतात, क्लासचा किलास करतात तसं ‘किलेटन’. त्यांना दुरुस्त करत बसू नये.

कागदाच्या बाजूला तीन ठिकाणी चूक होते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढं विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून घाईघाईनं कसंही नाव टाकण्यापेक्षा दोन्ही भाषांतलं लेखन कागदावर ठरवून मगच ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत जावं. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत येतो, आणि लोक इंग्रजी ओळ तेवढी तपासतात. मराठी ओळ वाचायचीच राहते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, त्यामुळं ती ओळ पुढं सगळीकडं उतरत जाते.

दुसरी जागा शाळा. आपल्याकडं जनरल रजिस्टरला आणि बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी लिहितात: ‘साळवे क्लेटन रमेश’. देशमुख किंवा जाधवांच्या पोराला याचा त्रास कमी होतो, कारण परदेशातल्या माणसाला त्यातलं काहीच ओळखीचं नसतं, तो विचारून घेतो. ‘क्लेटन’ त्याच्या ओळखीचं असतं, आणि ते त्याला आडनाव म्हणून माहीत असतं. त्यामुळं तो न विचारता ठरवून टाकतो: मिस्टर क्लेटन. विद्यापीठाच्या यादीत पोरगा ‘एस’ऐवजी ‘सी’खाली जातो आणि गुणपत्रक, ऑफर लेटर, विमा यांच्यावर तीन वेगवेगळी माणसं तयार होतात. परदेशी अर्ज भरताना आडनावाच्या रकान्यात साळवे आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात क्लेटन रमेश, पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहावं. ईमेलखाली सही करताना आडनाव मोठ्या अक्षरांत ठेवलं की बराच ताप वाचतो.

तिसरी जागा दहावीचा फॉर्म. रजिस्टरमधली चूक मुख्याध्यापकांकडून दुरुस्त करून घ्यायची ती त्याआधी. प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच दुरुस्ती बोर्डात अर्ज-हेलपाट्यांची होते, आणि नाव बदलायचंच म्हटलं तर राजपत्रापर्यंत जावं लागतं.

हाक मारायचं काही कुणाच्या हातात नाही. कागदावर दोन्ही भाषांत बिनचूक क्लेटन लिहून ठेवलं तरी गल्लीतली पोरं त्याचं दोन दिवसांत ‘क्लेट्या’ करतात.